गिरजाबाईचा खोकला

भंडाऱ्यात मी पस्तीस वर्षं कपडे शिवले, आणि त्यातली पहिली बारा वर्षं खोटं बोललो. म्हणजे सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत. घरी मी बरा माणूस होतो, माझ्या बायकोला विचारा. पण नको, तिला नका विचारू.

हे आठवायचं कारण माझा जावई. नागपूरला त्याच्या कंपनीनं सगळ्यांना तीन दिवस कुठल्या तरी शिबिराला पाठवलं, ताण कसा घालवायचा ते शिकायला. तिथून आला तो माझ्या मागंच लागला. "बाबा, आधी मनाशी एक हेतू पक्का करायचा. मग श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग समोरच्या माणसाच्या जागी आपण उभं राहून पाहायचं." मी भाकरी मोडत मान हलवत होतो. आता जावयाला कसं सांगायचं की हे शिक्षण माझं कधीचं झालं आहे! फक्त आमचं शिबिर आठ दिवसांचं होतं, माझ्याच दुकानात भरलं होतं, आणि गुरुजी कारध्याचे वांगीवाले होते.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांना वाटतं, शिवायला वेळ लागतो म्हणून शिंपी उशीर करतो. तसं नसतं राजेहो. कापड कापून मशीनवर घेतलं की दोन-अडीच तासांत शर्ट अंगात घालता येतो. उशीर शिवताना होत नाही, कापड घेताना होतो. गिऱ्हाईक दारात आलं, बगलेत टेरिकॉटचं कापड आहे, त्याला नाही म्हणायची आमची जीभ नाही. नाही म्हटलं तर ते चार दुकानं सोडून पाचव्या दुकानात जाईल, आणि मग त्याचा बाप, भाऊ, मेहुणा सगळे तिकडेच जातील. म्हणून घ्यायचं. गळ्यातला टेप काढायचा, माप लिहायचं, "गुरुवारी या" म्हणायचं. दिवाळीच्या आणि लगनसराईच्या दिवसांत माझ्याकडे एकेका गुरुवारी इतकी माणसं यायची की दुकानासमोर सायकल लावायला जागा उरत नसे. आणि कापडं सगळी कपाटात, घडी न मोडता.

अशा वेळी काय सांगायचं, त्यासाठी आमच्या धंद्यात एक वाक्य होतं. "तयारच आहे, फक्त काज-बटन राहिलं." या वाक्याची करामत पाहा. गिऱ्हाइकाला आपला शर्ट डोळ्यांसमोर दिसतो, खांदे लागलेले, कॉलर बसलेली. चार भोकांसाठी कशाला भांडायचं, म्हणून ते निमूट परत जातं. आणि दोष लागतो कोणाला? तर जी बाई दुकानात नाही तिला.

त्या काळी आमच्याकडे काजाची मशीन नव्हती. बटनासाठी कापडाला चीर पाडायची आणि तिच्या कडा दोऱ्यानं गुंफून घ्यायच्या, हे काम हातानं व्हायचं आणि बाया ते घरी नेऊन करायच्या. माझ्याकडे गिरजाबाई होती. विणकराच्या घरची, नवरा गेल्यावर घरातला माग बंद पडला आणि ती काजाकडे वळली. सकाळी गाठोडं न्यायची, संध्याकाळी आणून द्यायची. तिचं काज असं की शर्ट फाटून पोतेरं झालं तरी काज शाबूत राहायचं. बोलायची कमी. सुनंदा नावाची एकच पोरगी. बारा वर्षांत बाई एक दिवस आजारी पडली नाही, आणि मी तिला आजारपणातून उठू दिलं नाही.

सुरुवात साधी होती. पहिल्या खेपेला काज राहिलं. दुसऱ्या खेपेला बाई आली नाही. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईक आवाज चढवायचं, मग बाईला ताप आणावा लागायचा. पुढे पुढे मी ऋतू पाहून आजार द्यायला लागलो. पावसाळ्यात मलेरिया, उन्हाळ्यात लू, थंडीत खोकला. कधी तिच्या माहेरची माणसंही मारावी लागली. एकदा एकजण म्हणाला, "मास्तर, बाईचे मामा तं दिवाळीतच गेले होते ना?" मी म्हटलं, "ते मोठे. हे धाकटे."

तुम्ही हसाल, पण हा जीव काही सुखात नव्हता. पितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी होते, त्यांचा सदरा मी इतका लांबवला की तो शिवून होईपर्यंत माप घेतलेलं पोट राहिलं नव्हतं, दुसरंच आलं होतं. कोणी दारात दिसलं की पोटात आग पडायची. एका दुपारी तर मी कटिंगच्या टेबलाखाली लपलो. गिऱ्हाईक म्हणालं, "बसतो मी, येतीनच मास्तर," आणि तासभर बसलं. त्याच्या चपला मला अजून आठवतात. अशातच एकदा बेलबॉटम कापताना माझ्या हातून दोन्ही पाय डावेच कापले गेले. त्या बिचाऱ्यालाही मी सांगितलं, काज राहिलं.

दिवाळीला तीनेक आठवडे असतील. एका सकाळी गिरजाबाई गाठोडं बांधायला शर्ट मोजता मोजता म्हणाली, "कारध्याचा नकार आला जी."

सुनंदाचं कारध्याला जमत आलं होतं हे मला माहीत होतं. नदीपलीकडचंच गाव, घरची वांग्यांची वाडी, आणि मुलगा जवाहरनगरला फॅक्टरीत पक्का. विनाबापाच्या पोरीला यापेक्षा चांगलं स्थळ कुठून येणार? आता फक्त पोरगी पाहायला यायचं बाकी होतं.

"काहून?" मी विचारलं.

"पोट्टीची माय कायमची बिमार रायते म्हणे. दमा आहे, अजून काय काय आहे. म्हणे, उद्या पोरीलेही निघन." तिनं शर्टांची चळत सरळ केली. "कोनं सांगतलं असन जी?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती. कोणी सांगितलं ते मला तिथंच कळलं. मुलाचा मामा पण फॅक्टरीतच होता आणि माझं गिऱ्हाईक होता. त्याचा सफारी मी एक अख्खा हिवाळा लोंबकळत ठेवला होता, गिरजाबाईच्या खोकल्यावर.

दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. तिनं वाढायचा हात थांबवला.

"मंग कारध्याले जाऊन सांगा ना, मी खोटं बोललो म्हणून."

"अवो, गावात काय तोंड राहीन माहं?"

"आता कोनतं आहे?"

"जातो ना. उद्या जातो."

"तुमचं उद्या मले चांगलं मालूम आहे," ती म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातलं ताट उचलून सायकलची किल्ली ठेवली. अर्धी भाकरी राहिली होती माझी.

पूल ओलांडून कारध्याला पोचेपर्यंत मी तीन नवीन खोटी जुळवली होती. पण अंगणात गेलो तर बाजेवर मुलाचे वडील बळीरामजी, आणि शेजारी साक्षात तो सफारीवाला मामा. एकही खोटं कामाचं राहिलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. बाईला दमा नाही, मलेरिया नाही, साधी सर्दी नाही. जे आजार तुम्ही ऐकले ते सगळे माझ्या दुकानातून निघाले.

मामानं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे मास्तर, माह्या सफारीच्या वक्ती बाई खाटेवर होती, ते?"

"खाटेवर नव्हती जी. सफारी कपाटात होता. कापला नव्हता."

"बापा!" तो म्हणाला. "अन् मी बाईसाठी मधाची बाटली पाठवली होती तुमच्याजवळ!"

ती बाटली आम्ही घरी पोळीशी खाल्ली होती. हे मात्र मी सांगितलं नाही.

घरातल्या बाया पदराआड हसत होत्या. बळीरामजी हसले नाहीत. ते तंबाखू मळत होते, आणि मळता मळता त्यांनी सरळ विचारलं, "मास्तर, बारा वर्सं तुम्ही खोटं बोलले. आज खरं बोलून राहिले, हे कायवरून मानावं?"

मी म्हटलं, "बाईले येऊन पाहा."

"पाहून काय होते? एक दिवस माणूस चांगलाच दिसते. बिमारी चढते, उतरते." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "असं करा. मी रोज वांगे घेऊन बाजारात येतो. दहा वाजता मोकळा होतो. दुपारपर्यंत तुमच्या दुकानात बसत जाईन, आठ दिस. माह्या कानावर एक जरी खोटं आलं, तं हे बोलणं इथंच संपलं. नाही आलं, तं पोट्टी पाहाले येतो."

सुनंदाचं लग्न माझ्या जिभेवर टांगून मी परत आलो. गिरजाबाईला यातलं काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला बळीरामजी रिकामी टोपली बाहेर ठेवून बाकावर येऊन बसले. पहिलं गिऱ्हाईक कचेरीतले एक बाबू. "झाले का मास्तर?" माझं तोंड आपोआप उघडलं, "फक्त का—" इतकं आलंही. बाकावर तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मी गिळलं. म्हणालो, "बाबूजी, कापड अजून कापलं नाही."

मग बाबूजी सुरू झाले. माझ्या खानदानापर्यंत जाऊन आले, कापड उचललं आणि गेले. बळीरामजींचा अंगठा पुन्हा फिरायला लागला.

त्या दिवशी तीन कापडं परत गेली. खरं सांगायची सवय नसली की ते घशात अडकतं, आणि खोटं कसं, विचारायच्या आधीच हजर असतं. म्हणून मी एक युक्ती केली. कोणी आलं की आधी हातातल्या सुईत दोरा ओवायचा, मगच बोलायचं. दोरा ओवताना श्वास रोखावा लागतो, नजर एका जागी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात जिभेवरचं खोटं विरून जातं. जावयाच्या शिबिरात यालाच श्वासाकडे लक्ष देणं म्हणतात म्हणे. आठ दिवसांत मी इतक्या सुया ओवल्या की टेबलाच्या कडेला रांग लागली.

पुढचा धडा बळीरामजींनी नकळत दिला. बसून बसून कंटाळले असतील. एक जण माझ्याशी कडाकडा भांडत होता, मी त्याला मनात शिव्या देत होतो, आणि यांनी मध्येच विचारलं, "कायसाठी पाहिजे जी शर्ट?"

तो माणूस एकदम थांबला. "बाबाची तेरवी आहे परवा," तो म्हणाला.

त्याचं कापड माझ्याकडे पंधरा दिवस पडलं होतं. म्हणजे कापड दिलं तेव्हा ते हयात होते. तिथल्या तिथं मी त्याच्यासमोर कापड कापलं आणि मशीनवर बसलो. तो बाकावर बळीरामजींच्या शेजारी बसून राहिला. दोघं त्याच्या वडिलांविषयी बोलत होते.

मग मी सगळ्यांनाच विचारायला लागलो. दिवाळीच्या तोंडावर सगळे सारखेच घाईत आहेत असं मी बारा वर्षं समजत होतो. विचारून पाहिलं तर तसं काही नव्हतंच. सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याला विचारलं, "कधी घालाचा आहे?" तो म्हणाला, "तसं काही नाही, असंच." "मंग पुढच्या महिन्यात देलं तं चालते?" "चालते ना." तो आणि मी दोघंही एकमेकांकडे पाहत राहिलो. आणि एक पोरगा रोज येऊन काही न बोलता दारातून परत जात होता, त्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं आणि दुसरा शर्टच नव्हता. माझ्या मापाच्या वहीत छाती, कंबर, बाही असायची. आता त्याच्यापुढे मी लिहायला लागलो: कशासाठी, कधी. पोटातली आग पाचव्या दिवशी थांबली. मला कळलंसुद्धा नाही, बायकोनं सांगितलं, की तुम्ही आज सोडा नाही मागितला.

सातव्या दिवशी मी जरा ऐटीतच होतो. बळीरामजी आता माझ्या चुका काढायच्या सोडून मला बाजारातल्या गोष्टी सांगत होते. गिरजाबाई एरवी सकाळी लवकर येऊन जायची, त्यामुळे त्या दोघांची गाठ पडली नव्हती. त्या दिवशी तिचा दोरा संपला म्हणून ती अकराला आली. आणि तिच्या पाठोपाठ आले एक हेडमास्तर. त्यांचा कोट माझ्याकडे दसऱ्याच्या आधीपासून होता.

मी सुई उचलली. पण हेडमास्तरांनी दारात आधी गिरजाबाईलाच गाठलं. "काय बाई, बरं वाटतं का आता? खोकला फार होता म्हणे."

मी हात वर केला, पण उशीर झाला होता. गिरजाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे, जिथं तो कोट घडीत पडला होता. तिनं छातीवर हात ठेवला आणि खोकायला लागली. साधंसुधं नाही, चांगलं दम लागेपर्यंत खोकली. मग क्षीण आवाजात म्हणाली, "आता उतार आहे जी सर. माह्याच्यानंच राहिला तुमचा कोट. मास्तरचा काही दोष नाही."

बाकावरचा अंगठा थांबला.

कसाबसा म्हणालो, "सर, बाईचा काही दोष नाही. कोट मी कापलाच नाही." हेडमास्तरांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा चौथीत गेलो. कापड घेतलं आणि निघून गेले. पण मला त्यांची फिकीर नव्हती. बळीरामजी गिरजाबाईकडे टक लावून पाहत होते.

"बाई," ते म्हणाले, "हा खोकला तुम्हाले कधीपासून आहे?"

हे कोण, हे तिला माहीत नव्हतं. एखादं गिऱ्हाईक समजून ती पुन्हा छातीकडे हात न्यायला लागली. मी ओरडलोच, "गिरजाबाई, नका! खरं सांगा त्याईले. माहं काय होईन ते होईन."

तिनं हात खाली घेतला. मग म्हणाली, "मास्तर सांगतीन तेव्हापासून, जी."

"म्हणजे?"

"मास्तरनं ताप सांगतला तं ताप. खोकला सांगतला तं खोकला. रस्त्यात गिऱ्हाइकं विचारतात ना, बाई कसं आहे म्हणून. तवाच समजते मले, काय झालं ते. मंग दोन-तीन दिस मी बाजारात जात नाही. चांगली धडधाकट दिसली तं मास्तर खोटे पडतीन. माहं पोट आहे ना जी या दुकानावर."

बारा वर्षं. मला वाटत होतं, मी दुकानात खोटं बोलतो आणि ते दुकानातच विरतं. ते सगळं ही बाई घरी नेत होती, शर्टांच्या गाठोड्याबरोबर, आणि निस्तरत होती. मी तिला मलेरिया द्यायचो आणि ती खरंच दार लावून बसायची.

"एक डाव वाईट वाटलं," ती म्हणाली. तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती. "सुनंदाले शाळेत बक्षीस होतं. घरच्या मानसाले बोलावलं होतं. पण हेच सर होते तिथं, अन् मास्तरनं त्याईले मले मलेरिया सांगतला होता. कशी जाऊ?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कायचं बक्षीस होतं, गिरजाबाई?" विचारल्यावर ध्यानात आलं, तिच्या पोरीविषयी मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

"वाचनाचं होतं म्हणे. स्टेजवर नाव पुकारलं, सायबाच्या हातानं देलं, टाळ्या वाजल्या म्हणे." ती दोऱ्याचं रीळ हातात फिरवत होती. "मी कुठं पाह्यलं जी."

बळीरामजी उठले. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. आठवा दिवस उरला होता, पण ते निघाले, आणि मला वाटलं, संपलं. दारात गिरजाबाईसमोर जाऊन ते थांबले.

"बाई, मी कारध्याचा बळीराम. पोट्ट्याचा बाप."

गिरजाबाईच्या हातातलं रीळ खाली पडलं. तिनं पदर डोक्यावर ओढला, आणि आपण आत्ता यांच्यासमोर किती जोरात खोकलो हे तिला आठवलं असावं, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते बक्षीस कसं देलं, काय वाचलं, ते आता मी मास्तरलेही नाही विचारत अन् तुम्हालेही नाही," बळीरामजी म्हणाले. "पोट्टीलेच विचारीन. आमच्या घरी आली का सांगन ते मले, सावकाश."

त्यांनी टोपली उचलली आणि बाजाराच्या गर्दीत निघून गेले. गिरजाबाई दुकानाच्या पायरीवर बसली आणि भर बाजारात सगळ्यांसमोर रडायला लागली. येणारे-जाणारे थांबून मला विचारत होते, मास्तर, बाईले काय झालं, तब्येत बिघडली का? मी सुई खाली ठेवली आणि एकेकाला सांगत राहिलो, तब्येत चांगली आहे, बाईच्या पोरीचं लगन जमलं.